दोन ते बारा

मिरजेत आंधळ्याने दगड भिरकावला तरी तो डॉक्टरलाच लागेल, आणि तो डॉक्टर टेंगळाला हात न लावता आधी स्कॅन काढून घेईल. या सगळ्या गर्दीत खरा डॉक्टर मी एकटा, अशी माझी चाळीस वर्षं समजूत होती. ही गोष्ट त्या समजुतीची आहे, आणि तिच्यापायी माझ्या बायकोची नजर कशी पणाला लागली त्याची.

मी डॉ. दिगंबर हेर्लेकर, मेंदू आणि नसांचा डॉक्टर. इथल्या एका मोठ्या रुग्णालयात मी चौतीस वर्षं काम केलं, शिकवलं, आणि परीक्षक म्हणून किती पोरांना नापास केलं त्याची गणती ठेवली नाही. पोरं मला मागून ‘बारावी’ म्हणायची. बारावी नस जिभेची असते, आणि माझी जीभ कुणालाच सोसत नसे. मला ते नाव आवडायचं.

मेंदूतून थेट निघून कवटीच्या भोकांमधून बाहेर पडणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. पहिली वासाची, दुसरी नजरेची. तिसरी, चौथी आणि सहावी मिळून डोळे फिरवतात. पाचवीमुळे चेहऱ्याला स्पर्श कळतो आणि जबडा चावतो, सातवीमुळे माणूस हसतो आणि डोळे घट्ट मिटतो. आठवी ऐकते आणि तोल सांभाळते. नववी-दहावीकडे घसा आणि आवाज, अकरावी खांदे उचलते, बारावीचं सांगितलंच. हे सगळं तपासायला टॉर्च, कापूस, टाचणी, ट्यूनिंग फोर्क आणि डोळ्याच्या आत बघायचं छोटं यंत्र एवढं पुरतं. शिवाय अक्कल लागते. ती विकत मिळत नाही, म्हणून मग मशीन आलं.

२०३८ साली आलेल्या त्या मशीनचं नाव होतं ‘द्वादश’. चष्म्याच्या दुकानात हनुवटी टेकवून बसायचं यंत्र असतं ना, तसंच दिसायला. त्यात डोकं घालायचं, समोरचा ठिपका बघायचा, ते सांगेल तसं दात चावायचे, गाल फुगवायचे, ‘आऽ’ म्हणायचं, जीभ काढायची. नव्वद सेकंदांत कागद बाहेर. कागदावर बारा चौकोन, आणि प्रत्येकात ‘प्राकृत’ किंवा ‘विकृत’. लोकांना आधीच बारा घरांच्या कुंडलीची सवय, त्यामुळे ही बारा नसांची पत्रिका त्यांना फारच पटली. गाडीचा परवाना हवा, पत्रिका आणा. विमा हवा, पत्रिका आणा. सांगलीच्या एका मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, कारण तिची डावी सातवी नस उजवीपेक्षा चार टक्के कमी भरली. म्हणजे ती हसताना किंचित वाकडी हसायची. ते मुलाला चहा-पोह्यांच्या वेळी आवडलं होतं, कागदावर आवडलं नाही.

हे मशीन काही जन्मतः शहाणं नव्हतं. राज्यातल्या जुन्या रुग्णालयांमधले लाखो केसपेपर त्याला वाचायला दिले होते. अनुभवी डॉक्टरांनी काय तपासलं, काय आढळलं, पुढे त्या पेशंटचं काय झालं, हे वाचून वाचून ते शिकलं होतं. त्याला काटकसरही शिकवली होती. ज्या तपासणीतून काही निघण्याची शक्यता नगण्य, ती करायची नाही, वेळ वाचवायचा. हे ऐकल्यावर मी म्हणालो होतो की दुसऱ्यांचे पेपर बघून पास होणारे विद्यार्थी मला नवीन नाहीत.

गावात ते पहिल्यांदा घेतलं अन्वर मुजावरने. अन्वर माझा विद्यार्थी, आणि माझ्या हातून पहिल्या फटक्यात पास झालेल्या तिघा-चौघांपैकी एक. स्टेशनरोडला त्याचा दवाखाना आहे. मशीन बघायला या म्हणून तो मला घरी येऊन आमंत्रण देऊन गेला. मी गेलो, पाहिलं, आणि त्याच्या पेशंटांसमोर त्याला विचारलं की मशीन तपासणार, मशीन लिहिणार, मशीनच निदान करणार, मग तू इथे दारवान म्हणून बसतोस का? तो हसला आणि त्याने चहा मागवला. मी तो घेतला नाही. त्याच्या शांतपणाचा मला इतका राग आला की मी तिथेच आव्हान देऊन बसलो. आपल्या डॉक्टरांच्या संघटनेचा हॉल घे, सगळ्यांना बोलाव, एकाच माणसाला तुझं मशीन तपासेल आणि मी तपासेन. कुणाला जास्त कळतं ते बघू.

तपासायला माणूस कुठला घ्यायचा, यावर मीच म्हणालो की माझी बायको बसेल. एक तर ती ठणठणीत होती. दुसरं म्हणजे हल्ली ती कशालाच नाही म्हणत नसे.

हे ‘हल्ली’ समजावून सांगायला हवं. वैजयंती कन्याशाळेत तीस वर्षं भूगोल शिकवायची. जगात माझी टर उडवणारं एकच माणूस होतं, ते ती. माझ्या निवृत्तीच्या सत्कारात मी सव्वा तास बोललो. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, “जांभया देऊन देऊन जबड्याला चांगला व्यायाम झाला. माझी पाचवी नस उत्तम आहे, लिहून ठेवा.” लग्नानंतर सदतीस वर्षं असं चाललं. मी गावाला तुच्छ लेखायचो आणि संध्याकाळी घरी आलो की ती माझा हिशेब चुकता करायची. खरं सांगायचं तर त्यामुळेच मी माणसांत राहू शकलो.

मग ती बदलली. एकदम नाही, हळूहळू. मी काही म्हटलं की ती म्हणायची, “बरोबर आहे तुमचं.” राजकारणावर बरोबर, शेजाऱ्यांवर बरोबर, तिच्या स्वतःच्या भावावर मी तोंडसुख घेतलं तरी बरोबर. तिचं भांडण गेलं, वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने खुणावणं गेलं, आणि त्या जागी एक सैल, गोड हसू आलं. कधीकधी भलतंच बोलायची. एका घरी भेटायला गेलो होतो, नवरा वारून चारच दिवस झाले होते, तर त्या बाईंना म्हणाली, “घर छान मोकळं झालं हो आता.” मी तिला बाहेर आणून झापलं. तिने तेही हसून ऐकून घेतलं. मी मेंदूचा डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांच्या बायकांबद्दल असं काही कानावर आलं की मी ताबडतोब विचारायचो, कधीपासून? माझ्या बायकोबद्दल मी स्वतःला तो प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, आयुष्यभर भांडून शेवटी हिला माझी किंमत कळली.

आणखी एक होतं. तिची एकच कुरकूर शिल्लक राहिली होती. हिंगाला हिंगाचा वास नाही, मोगऱ्याला मोगऱ्याचा नाही, तुपाला तुपाचा नाही. असं कुणी म्हटलं की आपल्याकडे सगळे माना डोलवतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, अहो भेसळ. वाणी म्हणाला, खतं. मी म्हणालो की वासाचं काय घेऊन बसलीस, माणसांत तरी काय राहिलंय? सगळ्या गल्लीने मिळून मोगऱ्याला दोषी ठरवलं. तिच्या नाकाला कुणी काही विचारलं नाही.

इथे आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. पहिली नस कुणी तपासत नाही. डोळे मिटवून एकेका नाकपुडीखाली कॉफी किंवा लवंग धरायची, एवढीच ती तपासणी, मिनिटाभराची. पण कुपी कुठे ठेवली ते आठवत नाही, पेशंटला सर्दी असते, बाहेर साठ माणसं खोळंबलेली असतात. म्हणून राऊंडला आम्ही म्हणतो, ‘दोन ते बारा नॉर्मल.’ परदेशातसुद्धा म्हणतात. तोंडाने तसं म्हणताना एक सोडल्याची निदान कबुली तरी असते. पण केसपेपरवर लिहिताना तीही जाते, आणि आम्ही लिहितो, ‘बाराही नॉर्मल.’ इतरांनी लिहिलं, मीही लिहिलं. माझं अक्षर मात्र सगळ्यांपेक्षा सुंदर होतं.

सामना झाला २०४०च्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी. हॉल भरला होता. फुकटचा नाश्ता आणि कुणाची तरी फजिती असली की डॉक्टर वेळेवर येतात. वैजयंती पैठणी नेसून स्टेजवर बसली आणि सगळ्यांकडे बघून हसत होती. आधी मशीनने तिला नव्वद सेकंद तपासलं आणि कागद न दाखवता पाकिटात बंद केला. मग मी उठलो.

मी चाळीस मिनिटं घेतली, आणि त्यातली तीस मशीनवाल्यांना टोमणे मारण्यात गेली. बाहुल्यांवर टॉर्च मारला, बोट फिरवून डोळे फिरवायला लावले, कापसाने गालाला स्पर्श केला, कपाळाला आठ्या घालायला लावल्या, कानामागे ट्यूनिंग फोर्क टेकवला, खांदे दाबले, जीभ बघितली. डोळ्याच्या आत बघणं टाळलं. त्यासाठी औषधाचे थेंब घालून अंधार करावा लागतो, आणि अंधारात प्रेक्षक कंटाळतात. मग शेवटी, केवळ मशीनवाल्यांना खिजवायला, मी खिशातून कॉफीची कुपी काढली. आज मी बाराच्या बारा तपासणार होतो.

वैजयंतीने डोळे मिटले. मी कुपी तिच्या उजव्या नाकपुडीखाली धरली आणि कसला वास येतोय ते विचारलं.

“कसलाच नाही,” ती म्हणाली. “पण बाटली गार आहे, छान वाटतं.”

हॉल हसला. मी डावीकडे धरली आणि नीट हुंगायला सांगितलं.

“तुम्ही म्हणाल तो वास,” ती म्हणाली, आणि आता हॉल खदखदून हसला. मागून कुणीतरी ओरडलं की वहिनी, हेच आधी केलं असतंत तर संसार सुखाचा झाला असता.

मी ती कुपी माझ्या स्वतःच्या नाकाशी नेली. कॉफी ताजी होती, सकाळीच भरली होती, आणि तिचा वास खमंग होता.

त्या क्षणी मला कळायला हवं होतं. मला वाटतं, मला कळलंही होतं. दोन वर्षांचं ते हसू, ते ‘बरोबर आहे तुमचं’, तो वास नसलेला मोगरा, सगळं ओळीने समोर उभं होतं. पण दोनशे डॉक्टर हसत होते, आणि ते मला हसत होते. मी ठरवलं की ही थट्टा करतेय. जुनी वैजयंती असती तर तिने खरंच अशी थट्टा केली असती, असं मी स्वतःला सांगितलं. मी कागद ओढला, सुंदर अक्षरात लिहिलं, ‘बाराही नॉर्मल’, आणि खाली सही केली.

पाकीट फोडलं. मशीन म्हणालं, बाराही प्राकृत. मी म्हणालो, बाराही नॉर्मल. अध्यक्षांनी सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं आणि मला शाल दिली. मी छोटंसं भाषण केलं. घरी आल्यावर मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं की तुला खरंच वास आला नाही का? ती म्हणाली की तुम्ही नॉर्मल म्हणालात ना, मग आला असेल. आणि तो विषय मी तिथे संपवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी शालीसकट घरी आणलं होतं.

जूनमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या विम्यासाठी पत्रिका लागली. तोपर्यंत ती दाराच्या चौकटीला उजवा खांदा धडकवू लागली होती आणि चहा कपाच्या शेजारी ओतू लागली होती. डोकं जड वाटतं असंही म्हणायची, हसत. अन्वरच्या दवाखान्यातून कागद आला. पहिली प्राकृत, दुसरी ‘वयानुरूप’, बाकी प्राकृत. ज्या मशीनला मी भर सभेत रद्दी म्हणालो होतो, त्याचा कागद मला त्या दिवशी अगदी पटला. घडी घालून मी तो फायलीत ठेवला.

सप्टेंबरात एका सकाळी अकरा वाजता ती व्हरांड्यात बसली होती. लख्ख ऊन होतं. डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून तिने तो तळहाताने चोळला, आणि चोळता चोळता मला हाक मारली.

“अहो, लाइट गेले का?”

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तिचा डावा डोळा झाकलेला होता आणि उजवा सताड उघडा, अंगणातल्या उन्हाकडे लागलेला.

मी कपाटातून डोळ्यांचं यंत्र काढलं. बाहुलीतून आत बघितलं की मागे एक गुलाबी चकती दिसते. ती नजरेच्या नसेचं टोक. तिच्या उजव्या डोळ्यातली चकती कागदासारखी पांढरी पडली होती, म्हणजे नस मेलेली. डाव्या डोळ्यातली सुजून कडा पुसल्या होत्या, म्हणजे कवटीच्या आत दाब वाढलेला. एक पांढरी, एक सुजलेली, आणि वास गेलेला. हा प्रश्न मी तोंडी परीक्षेत तीस वर्षं विचारला आहे. उत्तर आलं नाही की मी मुलांना म्हणायचो, तुमच्या पेशंटांची मला कीव येते. देवघरातला कापूर आणून मी तिच्या नाकाखाली धरला. तिने डोळे मिटून मन लावून हुंगलं आणि आज्ञाधारकपणे म्हणाली की छान आहे, काय आहे?

स्कॅनमध्ये दिसली ती गाठ लिंबाहून मोठी होती. नाकाच्या छतावर चाळणीसारखं एक हाड असतं. त्याच्या भोकांतून वासाच्या बारीक तंतूंचा झुबका वर मेंदूत जातो. तिथल्या खोबणीत मेंदूच्या आवरणाची ही गाठ वाढते. कॅन्सर नसतो, दुखत नाही, आणि वाढायला वर्षानुवर्षं घेते. आधी ती वास मारते. मग कपाळामागच्या मेंदूवर रेलते, आणि तिथे माणसाचा विवेक, हट्ट, भीड, विरोध करायची ताकद, हे सगळं राहतं. मग ती मागे सरकून नजरेच्या नसेवर बसते. जानेवारीत काढली असती तर दोन्ही डोळे राहिले असते, असं शल्यविशारद बाई म्हणाल्या. ते सांगताना त्या स्कॅनकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मी अन्वरच्या दवाखान्यात गेलो आणि बाहेर पेशंट असताना ओरडलो. तुझ्या मशीनने दोनदा पहिली नस प्राकृत लिहिली, ती कशाच्या जोरावर? अन्वरने बाहेरच्यांना थोडं थांबायला सांगितलं, दार लावलं आणि मशीनच्या खालचा एक खण उघडला. आत वासाच्या नळ्यांची डबी होती. कारखान्यातून आलेलं प्लास्टिकचं वेष्टण अजून तसंच होतं.

“हे त्याने कधी मागितलंच नाही, सर,” तो म्हणाला. “मी आज सकाळी नोंद उघडून बघितली. प्रत्येक पेशंटपुढे एकच ओळ आहे. पहिली नस, तपासणी अनावश्यक, पूर्वानुभवानुसार प्राकृत.”

“कुणाचा पूर्वानुभव?”

त्याने खण पुन्हा लावला. मी पुन्हा विचारलं.

“मशीनच्या कंपनीने निवडक डॉक्टरांचे कागद आदर्श म्हणून धरले होते. पूर्ण भरलेले, स्वच्छ अक्षरातले. या भागातून एकतीस हजार निवडले, सर. त्यांतले बहुतेक तुमचे आहेत.”

मी त्याच्यासमोरच्या पेशंटच्या स्टुलावर बसलो. एकतीस हजार माणसांना म्हणे वास उत्तम येत होता. मशीनने ते वाचलं, आणि माझ्यासारख्या थोर माणसावर विश्वास ठेवून ही तपासणी कायमची बंद केली. आता राज्यभर नव्वद सेकंदांत ते माझंच खोटं छापत होतं. फरक एवढाच की त्याला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. अन्वर खालच्या आवाजात पुढे सांगत होता की तिची उजवी बाहुली मंद झाल्याचं जूनमध्ये मशीनने टिपलं होतं. वास गेल्याचं कळलं असतं तर त्याने दोन्ही गोष्टी जोडल्या असत्या. पहिली नस चांगली धरली, म्हणून त्याने दुसरीचं बिघडणं वयावर ढकललं.

आणि सामन्यातला माझा कागद? मी विचारलं. तोही त्याच्या पोटात गेला होता. जाणकार माणूस आणि मशीन दोघांचं एकमत, म्हणून त्याला सर्वांत जास्त वजन मिळालं होतं.

मी कंपनीला पत्र लिहिलं की माझे सगळे कागद काढून टाका, त्यांत पहिल्या नसेबद्दल लिहिलेलं सगळं खोटं आहे. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल आम्ही आभारी आहोत. शिकलेली गोष्ट काढून घेता येत नाही. पुढील आवृत्तीत विचार करू. उत्तर माणसाने लिहिलेलं असतं तर त्याची मी सालटी काढली असती. अन्वरने मात्र कुणाची वाट पाहिली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला मशीनपुढे बसवायच्या आधी तो स्वतः डोळे मिटायला लावून कॉफी हुंगायला देऊ लागला. पेशंट त्याला हसले. चार महिन्यांत त्याला दोन गाठी सापडल्या, दोन्ही लहान. मी त्याला कधीच काही शिकवलं नव्हतं, फक्त पास केलं होतं, हे मला तेव्हा समजलं.

ऑपरेशन पुण्यात झालं, नऊ तास. गाठ पूर्ण निघाली. डावा डोळा वाचला, उजवा गेला. वास परत येणार नव्हता, ते तंतू उरलेच नव्हते. बाकी ती किती परत येईल ते थांबून बघा, असं बाई म्हणाल्या. मी थांबलो. नाकाने कांदे सोलत आयुष्य काढलेला मी त्या खोलीत तिचा भात कालवत होतो आणि बाहेरच्या बाकावर जाऊन रडत होतो.

अठराव्या दिवशी नर्स गप्पा मारता मारता म्हणाली की माझं माहेर उमरग्याला, लातूर जिल्ह्यात. वैजयंती डोळा मिटून पडली होती.

“उमरगा धाराशिवमध्ये आहे,” ती म्हणाली. “स्वतःच्या माहेराचा जिल्हा माहीत नाही, मग मला इंजेक्शन कुठे द्यायचं ते तरी माहीत आहे का?”

नर्सचं तोंड उतरलं. मला मात्र इतका आनंद झाला की मी त्या मुलीला पेढे आणून दिले. त्या आठवड्यात वैजयंतीने माझ्या शर्टाच्या बटणांपासून बोलण्यातल्या क्रियापदांपर्यंत सगळं सुधारलं. मी रोज झोडपला जात होतो आणि रोज देवाचे आभार मानत होतो, तेही देव नाही असं तिच्याशी सदतीस वर्षं भांडल्यानंतर.

घरी जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, तिने मला तिच्या उजव्या हाताशी खुर्ची घेऊन बसायला सांगितलं. तिला स्टेज आठवत होतं, पैठणी आठवत होती, लोक हसले तेही आठवत होतं. मधलं पुसट होतं.

“त्या दिवशी बाटली हुंगून मी काय म्हणाले होते?”

“कसलाच वास येत नाही म्हणालीस.”

“आणि तुम्ही काय लिहिलंत?”

“नॉर्मल.”

मग मीच बोलत सुटलो. लोक हसत होते, मला ती थट्टा वाटली, मशीननेही तेच लिहिलं होतं, जगभर कुणीच ती नस तपासत नाही. माझी बारावी नस तेवढी शेवटपर्यंत शाबूत होती. तिने हात वर करून मला थांबवलं.

“डोळ्याचं जाऊ द्या. एक आहे. मला एवढंच सांगा. दोन वर्षं मी तुमच्या प्रत्येक शब्दाला बरोबर म्हणत होते. मी. तेव्हा तुम्हाला एकदाही वाटलं नाही, हिला काहीतरी झालंय?”

खोटं बोलायला जागा होती. वय म्हणता आलं असतं, कामाचा व्याप म्हणता आला असता. पण आयुष्यात एकदा तरी तपासून लिहावं म्हणून मी खरं उत्तर दिलं.

“नाही वाटलं,” मी म्हणालो. “मला वाटलं, तुला शेवटी माझं पटलं.”

मला वाटलं ती तोडून बोलेल. मी त्याची वाटही बघत होतो. पण तिने मान हळूच भिंतीकडे वळवली, तेव्हा माझ्या बाजूला तिचा उजवा डोळा तेवढा राहिला, उघडा. मी बसून राहिलो. मी तिथे आहे की उठून गेलो हे तिला आता दिसत नव्हतं, आणि तिने विचारलंही नाही.